गुरुजींची डावी बाजू

आमच्याकडे नेपाळात बसच्या ड्रायव्हरला गुरुजी म्हणतात. शाळेतल्या मास्तरांना सर म्हणतात, पूजा सांगणाऱ्याला पंडित म्हणतात, आणि बेनीहून जोमसोमला बस नेणाऱ्याला गुरुजी. यात कुणाला हसू येत असेल तर त्याने एकदा त्या रस्त्याने जाऊन बघावं. खाली काली गंडकी नदी, वर सुटे दगड, आणि मधे बसच्या चाकांपेक्षा वीतभर जास्त रुंद असा रस्ता. तिथे चाळीस माणसांचा जीव ज्याच्या हातात असतो त्याला दुसरं काय म्हणणार?

तेजमान गर्बुजा हे आमचे गुरुजी. बावीस वर्षं त्यांनी त्या रस्त्यावर बस चालवली आणि त्यांच्या बसमध्ये एकही माणूस दगावला नाही. एक बाळंत झाली, पण ती सुखरूप झाली. त्या बावीस वर्षांतली नऊ वर्षं मी त्यांचा क्लीनर होतो. माझं नाव रोमलाल तिलिजा. आता जपानात, गुन्मा प्रांतातल्या एका गावात माझं स्वतःचं हॉटेल आहे आणि गुरुजी माझ्याकडे आचारी आहेत. हे मी लोकांना हसत हसत सांगतो. पुढचं मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

क्लीनर म्हणजे बस धुणारा पोऱ्या असं लोकांना वाटतं. धुवायची तर असतेच, पण क्लीनर म्हणजे बसची डावी बाजू. ड्रायव्हर उजवीकडे बसतो; डावं चाक कुठे आहे, त्याच्याखाली रस्ता आहे की नुसती हवा, हे त्याला दिसत नाही. मी दारात लोंबकळत असे आणि पत्र्यावर थाप मारत असे. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. थाप नाही म्हणजे डावीकडे सगळं ठीक आहे. एवढीच आमची भाषा होती आणि ती नऊ वर्षांत एकदाही चुकली नाही. डावीकडचा आरसा घासा गावाच्या वळणावर एका ट्रकने नेला होता आणि मालकाने तो परत बसवला नव्हता. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, आरसा बसवून घ्या की."

"कशाला? तू आहेस ना," गुरुजी म्हणाले. "आरसा पगार मागत नाही हे खरं, पण वेळेला ओरडतही नाही."

मग मी जपानात आलो. आधी दुसऱ्याच्या हॉटेलात भांडी घासली, मग नान भाजले, मग हे हॉटेल घेतलं. इथल्या लोकांना आमचं जेवण म्हणजे बटर चिकन आणि उशीएवढा नान वाटतो. आमच्या मुलखात ते बटर चिकन कुणी दारात ओतलं तर म्हैससुद्धा वास घेऊन पुढे जाईल. पण जपानी माणूस खातो, बशी पुसून खातो, म्हणून आम्ही करतो. हॉटेल चाललं तशी माझी पंचाईत व्हायला लागली. आचारी टिकेनात. व्हिसा काढून आणावा, सहा महिने शिकवावं, की पोरगा टोकियोला पळालाच. मला न पळणारा माणूस हवा होता.

दसैंच्या सणाला गावी गेलो तेव्हा गुरुजींच्या बसचा मालक बस विकून मोकळा झाला होता. गुरुजी कुणाच्या तरी जीपवर बदली ड्रायव्हर म्हणून जात होते. मी नवे बूट घालून त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. "गुरुजी, चला माझ्याबरोबर," म्हटलं. त्यांची बायको आत चहा टाकत होती, ती बाहेर येऊन म्हणाली, "ह्यांना? ह्यांना पाणी तरी उकळता येतं का विचार." आम्ही तिघं खूप हसलो.

जपानचं सरकार आचाऱ्याला व्हिसा देतं, पण दहा वर्षं स्वयंपाक केल्याचा दाखला मागतं. एजंटाने पोखऱ्यातल्या एका हॉटेलचा दाखला आणला. त्यात लिहिलं होतं की तेजमान गर्बुजा तिथे अकरा वर्षं तंदूर लावत होते. ते हॉटेल पोखऱ्यात नेमकं कुठे आहे हे त्या एजंटालाही सांगता आलं नसतं. गुरुजींनी दाखला हातात धरून दोनदा वाचला. "रोम्या, मग मी बस कधी चालवत होतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ते विसरा आता."

ते विसरले नाहीत, पण शिकले मात्र सगळं. सेहेचाळीसाव्या वर्षी कणीक मळायला शिकले, तंदुरात हात घालायला शिकले, कोपरापर्यंतचे केस जाळून घेतले. हॉटेलातली पोरं मला शेठ म्हणत. गुरुजी गिऱ्हाइकांसमोरही "ए रोम्या" अशी हाक मारत. मला ते आवडत नसे आणि आवडत नाही हे बोलताही येत नसे.

चार वर्षं अशी गेली. मग माझ्या बायकोला जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात दिवसपाळी लागली. भाजी आणायला, डबे पोचवायला तीच गाडी चालवायची; आता कोण चालवणार? आमच्या इथल्या गावात गाडी नसेल तर माणूस अपंगच. मी म्हटलं, आपण दोघंही लायसन्स काढू. गुरुजींचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्या बसमधली ती सकाळची पहिली फेरी आठवली.

"माझं आहे ना लायसन्स," ते म्हणाले आणि पेटीच्या तळातून काढून घेऊन आले. प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावलेलं.

इथे तशी सोय आहे. आपल्या देशाचं लायसन्स दाखवायचं, छोटीशी परीक्षा द्यायची, बदलून मिळतं. पण खिडकीवरचा माणूस विचारतो, काय चालवत होतात, कुठे, किती वर्षं? आणि गुरुजींच्या लायसन्सवर अवजड वाहनाचा शिक्का. जो माणूस बावीस वर्षं बस चालवत होता तो त्याच वर्षांत पोखऱ्यात तंदूर कसा लावत होता, एवढा एकच प्रश्न कुणाला पडला की गुरुजींचा व्हिसा गेला आणि माझं हॉटेलही. मी त्यांना तसं सांगितलं.

"मग?" गुरुजी म्हणाले.

"मग ड्रायव्हिंग स्कूलला जायचं. पहिल्यापासून."

"म्हणजे मला गाडी येत नाही, असं सांगायचं?"

"असंच सांगायचं."

त्यांनी लायसन्स परत पिशवीत घातलं, रबर लावला. "स्वयंपाक येतो म्हणून एकदा खोटं बोललो," ते म्हणाले, "आता गाडी येत नाही म्हणून बोलतो. तुझ्या नादी लागून मी माणूस कोणता राहिलो सांग बघू." पण बोलताना ते चिडले नव्हते. स्टिअरिंगला हात लागणार होता, त्यासाठी ते आणखी चार वेळा खोटं बोलले असते.

ड्रायव्हिंग स्कूलची छोटी बस आम्हाला घ्यायला येई. गुरुजी नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत आणि वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई. बाकी सगळी अठरा-एकोणीस वर्षांची जपानी पोरं. पहिल्याच दिवशी आम्हाला कागदावर रेघा मारायला लावल्या, बारीक चौकोनांत खुणा करायला लावल्या, आणि त्यावरून स्वभावाचा दाखला दिला. माझ्या दाखल्यात बरं काहीतरी होतं. गुरुजींच्या दाखल्यात होतं, "स्वतःवर अवाजवी विश्वास. अपघाताची शक्यता सरासरीपेक्षा अधिक." मी वाचून दाखवलं. गुरुजी म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

शिकवणारे ओगिवारा सर साठीचे, किडकिडीत, हातात पांढरे मोजे घालणारे. गुरुजींना जपानी जेमतेम समजे, म्हणून दुभाषा म्हणून मी मागे बसावं अशी परवानगी शाळेने दिली. मुलं घटत चालली होती, शाळेला परदेशी गिऱ्हाईक हवं होतं. गुरुजींनी हट्टाने गिअरची गाडी घेतली आणि मलाही घ्यायला लावली. "बिनगिअरची गाडी म्हणजे झोपाळा," ते म्हणाले. त्या हट्टापायी क्लच सोडता सोडता माझ्या नाकी नऊ आले. गुरुजी मात्र मैदानातली ती अरुंद नागमोडी वाट पहिल्याच दिवशी एका हाताने पार करून गेले. वळणावर हॉर्न वाजवून, आमच्या घाटात वाजवतात तसा.

ओगिवारा सरांनी गाडी थांबवायला लावली. "ह्यांनी आधी गाडी चालवली आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"लहानपणी ट्रॅक्टर," मी म्हटलं.

सरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "हॉर्न का वाजवला विचारा."

मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "समोरून कुणी येत असेल तर त्याला कळायला नको? ही माणुसकी आहे म्हणावं." मी जपानीत सांगितलं, "चुकून हात लागला."

असंच चालू राहिलं. त्या गाडीत तीन माणसं बसायची आणि खरं काय ते फक्त मला कळायचं. सर विचारायचे एक, मी सांगायचो दुसरं. गुरुजी उत्तर द्यायचे तिसरं, मी पोचवायचो चौथं. माझ्या मनासारखं.

सगळं यायचं गुरुजींना. चढावर गाडी उभी करून पुढे काढायचे तेव्हा ती केसभरही मागे सरकत नसे. पण एक गोष्ट जमेना. डावीकडे वळण्याआधी मान फिरवून मागे बघायचं, कडेने कुणी सायकलवाला येत नाही ना, ते पाहायचं. ही इथली पहिली शिकवण. गुरुजींची मान फिरतच नसे. डावीकडे वळायचं आलं की ते किंचित थांबत, जरा कान दिल्यासारखं करत, आणि वळत. सर ओरडत, "डावीकडे! मान!" गुरुजी दचकत. सरांना वाटे, म्हातारा विसरतो. ते कशाची वाट बघतायत हे मला माहीत होतं. ते थापेची वाट बघत होते.

त्या एका गोष्टीपायी त्यांच्या वहीत पास झाल्याचा शिक्का पडेना. पोरंटोरं आपापले शिक्के घेऊन पुढे निघून गेली. गुरुजी दुपारी हॉटेल बंद असताना मोहरीच्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसत, पातेल्याचं झाकण स्टिअरिंगसारखं धरत आणि मान डावीकडे फिरवत. पुन्हा फिरवत. आतली पोरं तोंडात फडकं कोंबून हसत. एक जण म्हणालाच, "गुरुजी, मानेला तेल लावा, करकर ऐकू येतेय." गुरुजीही हसले. "बावीस वर्षं गंजलीय रे," म्हणाले, "वेळ लागणारच."

महिन्याभरात मान फिरायला लागली. दहातल्या आठ वेळा तरी. रस्त्यावर चालवायचं कच्चं लायसन्स मिळालं. लेखी परीक्षा नेपाळीतून देता आली, ती गुरुजी माझ्यापेक्षा जास्त गुणांनी पास झाले. पक्क्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते तेव्हा एका सकाळी नदीकाठच्या रस्त्याने जाताना ओगिवारा सर एकदम बोलायला लागले. आधी कधी असं बोलत नसत.

"तिलिजा-सान, ट्रॅक्टरची गोष्ट राहू द्या," ते मला म्हणाले. "हा माणूस शिकायला आलेला नाही, विसरायला आलाय. काय चालवत होता ते मला विचारायचं नाही. माझा मेहुणा इथल्या बस कंपनीत आहे. त्यांना ड्रायव्हर मिळत नाहीत, तीन मार्ग बंद करावे लागले. परदेशी माणसं घेतात आता. ह्यांना सांगा, आधी हे लायसन्स काढा, मोठ्या गाडीचं पुढे कंपनी बघेल. कागदपत्रांचंही ते बघतात."

सर थांबले होते, मी सांगायची वाट बघत.

"काय म्हणतायत?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणतायत, मान नीट फिरवा."

गुरुजींनी गाडी कडेला घेतली. नीट, सिग्नल देऊन, मान फिरवून घेतली. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "बस म्हणाले ते. दोनदा म्हणाले. बसला इथेही बसच म्हणतात रोम्या, तेवढं जपानी येतं मला."

मग मला सगळं सांगावं लागलं. गुरुजींनी स्टिअरिंगवरचे हात काढले, मांडीवर पुसले आणि परत ठेवले. ओगिवारा सरांना त्यांनी बसल्या जागी वाकून नमस्कार केला, इतका की कपाळ हॉर्नला लागलं आणि हॉर्न वाजला. सर हसायला लागले. गुरुजींना चार वर्षांत इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मी पण हसलो. "जा की गुरुजी, जरूर जा," मी म्हटलं. "मला आनंदच आहे." आणि त्याच दुपारी मी हॉटेलच्या मागच्या पायरीवर बसून हिशोब मांडला. पैशांचा नव्हे, माणसांचा. दोन पोरं आत, एकाच्या हातात तंदूर सोपवता येत नाही, दुसरा कधी पळेल सांगता येत नाही. नवा माणूस आणायचा तर आता दाखल्यांची चौकशी थेट पोखऱ्याला फोन करून होते. गुरुजी गेले की मी संपलो. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी संपलो नसतो. वर्षभर हाल झाले असते, स्वतः तंदुराशी उभं राहावं लागलं असतं, एवढंच. पण त्या पायरीवर मला ते एवढंच वाटलं नाही.

आणखीही एक होतं, ते सांगून टाकतो. गुरुजी बस चालवायला लागले की सगळ्या गावाने त्यांना बघितलं असतं. टोपी, गणवेश, पांढरे मोजे. आणि मी पुन्हा त्यांचा क्लीनर झालो असतो. म्हणजे कुणी मला क्लीनर म्हटलं नसतं, पण मला तसं वाटलं असतं.

परीक्षेच्या दिवशी आमची दोघांची एकच गाडी आली. इथली पद्धत अशी की एक जण चालवतो, परीक्षक शेजारी बसतो आणि पुढचा परीक्षार्थी मागच्या सीटवर. मग अदलाबदल. परीक्षक सुनागा नावाचे होते, चेहऱ्यावरची रेषही हलू न देणारे. त्यांनी निघायच्या आधी बजावून सांगितलं, "मागच्याने बोलायचं नाही. खूण करायची नाही. केली तर दोघंही नापास." आज दुभाषाला परवानगी नव्हती. मी परीक्षकांच्या मागे, डावीकडच्या खिडकीशी बसलो.

गुरुजी सुरेख चालवत होते. मला वाटतं त्या रस्त्याने तशी गाडी कुणी चालवली नसेल. रेल्वे फाटकाशी थांबून काच खाली करून कानोसा घेतला, मुलांच्या शाळेपाशी वेग कमी केला, दोन वळणं मान फिरवून घेतली. सुनागांच्या पेनने कागदाला स्पर्शही केला नव्हता. शेवटचं वळण राहिलं होतं, टोफूच्या दुकानापाशी डावीकडे, की शाळेचं फाटक.

सायकल मला आधी दिसली. एक म्हातारे आजोबा, पुढच्या टोपलीत कांद्याच्या पातीची जुडी, रस्त्याच्या अगदी कडेने, आमच्या मागून येत होते. वेग बेताचा, पण थांबायचा विचार दिसत नव्हता. गुरुजींनी डावा सिग्नल दिला. गाडी हळू केली. आणि मग ते किंचित थांबले, कान दिल्यासारखं केलं.

माझा हात दरवाजाकडे गेला होता. सवयीने, आपसूक. पंजा उघडा होता, पत्र्यापासून चार बोटांवर. एक थाप. तेवढी पुरली असती. सुनागांनी आम्हा दोघांनाही नापास केलं असतं, पुढच्या आठवड्यात दोघंही पुन्हा बसलो असतो, आणि गुरुजींनी त्या वळणावर मान फिरवली असती. हे सगळं मला तेव्हा समजत होतं. नियम मोडेल म्हणून मी थांबलो असं मला म्हणता आलं असतं. पण नियम मला आठवलासुद्धा नाही. मला बस आठवली, टोपी आठवली, आणि मी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

गुरुजी वळले.

सुनागांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबली. आजोबाही थांबले, एक पाय टेकला, आमच्याकडे बघून उगाचच मान लववली आणि निघून गेले. कुणाला काही झालं नाही. सुनागांनी कागदावर पहिल्यांदाच पेन टेकवलं आणि शांत आवाजात म्हणाले, "इथे थांबूया. पुढे मी नेतो."

फाटकापाशी अदलाबदल झाली, गुरुजी मागे येऊन बसले. मी पुढे गेलो. दोन ठिकाणी गाडी बंद पडता पडता वाचली. तेच टोफूचं दुकान आलं. तेच वळण. मी सिग्नल दिला, आरसा बघितला, मान फिरवली, आणि फिरवलेली मान तशीच राहिली, कारण मागे डावीकडे गुरुजी बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडे, मागे, कडेला बघत होते. माझा क्लचवरचा पाय उठेना. मागून कुठलीतरी गाडी येऊन उभी राहिली. सुनागा आपल्या घड्याळाकडे बघायला लागले.

मग डावीकडच्या दरवाजावर दोन थापा पडल्या. बोटाच्या टोकाने, अगदी हलक्या. सुनागांना ऐकू गेल्या नसतील. मी गेलो.

निकाल भिंतीवरच्या पाटीवर लागतो. ज्याचा आकडा पेटला तो पास. माझा पेटला. ओगिवारा सर दारात उभे होते, ते गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एक जादा तास घ्यायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसायचं. अर्धी मुलं पहिल्या खेपेला नापास होतात." मी ते शब्दन् शब्द, जसंच्या तसं गुरुजींना सांगितलं. आपणहून, पहिल्यांदाच.

"त्यांना म्हणावं, खूप उपकार झाले," गुरुजी म्हणाले.

संध्याकाळचं हॉटेल उघडायला अजून तास होता. गुरुजी मागच्या पायरीवर लसूण सोलत बसले होते. मी उगाच इकडे तिकडे केलं, फ्रिज उघडला, बंद केला. मग मला राहवेना.

"ती सायकल मला दिसलीच नाही गुरुजी," मी म्हटलं.

गुरुजींनी लसणाची पाकळी टोपलीत टाकली. वर बघितलं.

"मी कुठे विचारलं?" ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात गर्दी होती, हॉटेल सोडून कसं जाऊ म्हणाले. शाळेतून पत्र आलं, फोन आला. ओगिवारा सर एकदा स्वतः हॉटेलात जेवायला आले, बटर चिकन मागवलं, आणि ते संपेपर्यंत आतल्या दाराकडे बघत बसले. गुरुजी बाहेर आले, नमस्कार केला, आत गेले. शाळेत नाव घातल्यापासून नऊ महिन्यांत परीक्षा झाली नाही तर सगळं रद्द होतं, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नऊ महिने झाले आणि रद्द झालं.

गुरुजी काम तसंच करतात, किंबहुना जास्तच. गिऱ्हाइकांसमोर ए रोम्या म्हणायचं मात्र त्यांनी आपोआप सोडलं. सगळ्यांसारखं शेठ म्हणतात. मी बाजाराला गाडी घेऊन निघतो तेव्हा त्यांना म्हणतो, चला, जरा हवा लागेल. ते येत नाहीत. दीड वर्ष झालं, माझ्या गाडीत ते एकदाही बसलेले नाहीत.

मागच्या महिन्यात मी मनाचा हिय्या करून बोललो. नवे दोन आचारी चांगले मिळालेत, तंदूर त्यांना येतो. बस कंपनीची जाहिरात अजून आहे. "गुरुजी, पुन्हा नाव घाला शाळेत," मी म्हटलं. "सगळा खर्च माझा. हॉटेलचं मी बघतो. तुम्हाला सगळं येतं, फक्त एक मान फिरवायचा प्रश्न आहे."

ते तंदुरातून नान काढत होते. सळई बाहेर घेतली, नान टोपलीत टाकला, हात फडक्याला पुसला.

"नाही जमायचं शेठ आता," ते म्हणाले. "मला डावीकडे बघायची सवयच नाही. तिकडे माझा माणूस असायचा."